फ्रँकेल इतक्या लवकर का थांबवला, आणि शिंगरू घेताना नुसता बाप बघून चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडचा फ्रँकेल हा घोडा १४ शर्यती पळला, १४ही जिंकला आणि चार वर्षांचा असतानाच त्याचं पळणं बंद केलं. धडधाकट घोडा असा का थांबवला? आता त्याला एक घोडी दाखवायची, म्हणजे त्याच्याकडून भरवून घ्यायची, तर साडेतीन लाख पौंड लागतात म्हणे, ते कशाचे? गाई-म्हशींना करतात तसं कृत्रिम रेतन या घोड्यांत का करत नाहीत? आणि शेवटी मुद्द्याचं: चार मित्र मिळून वर्षाचं शिंगरू घ्यायचं चाललंय, तर बाप चॅम्पियन होता एवढं बघून पैसे टाकावेत का?

मी घोड्यांचा डॉक्टर आहे. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर घोड्या तपासण्यात, त्या गाभण राहतील हे बघण्यात आणि रात्री-अपरात्री त्यांची बाळंतपणं करण्यात माझी तीस वर्षं गेली. फ्रँकेलला मी कधी हात लावलेला नाही. पण त्याची प्रत्येक शर्यत मी पाच-सहा वेळा तरी पाहिली आहे, आणि त्याच्या पोरांचा हिशेब गेली कित्येक वर्षं कामाचा भाग म्हणून ठेवत आलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. पळणारा फ्रँकेल आणि बाप झालेला फ्रँकेल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्याचा निकाल २६ महिन्यांत लागला. दुसऱ्याचा लागायला पुढची नऊ वर्षं गेली. आणि दोन्हीकडे आईचा हात लोक समजतात त्यापेक्षा फार मोठा होता.

फ्रँकेलचा जन्म ११ फेब्रुवारी २००८चा. बाप गॅलिलिओ, २००१ सालची इंग्लिश डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज जिंकलेला, म्हणजे २४०० मीटरचा राजा. आई काइंड मात्र वेगळ्या जातकुळीची. ती हजार-बाराशे मीटरच्या शर्यती जिंकणारी, सुटली की सुटलीच अशी घोडी. तिचा बाप डेनहिल. दोन्ही बाजूंनी मागे गेलं तर नॉर्दर्न डान्सर हा एकच पूर्वज भेटतो, बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडून चौथ्या. मालक सौदी अरेबियाचे राजपुत्र खालिद अब्दुल्ला, त्यांच्या जडमाँट फार्मचा हा घोडा. नाव ठेवलं ते त्यांच्या अमेरिकेतल्या ट्रेनरच्या, बॉबी फ्रँकेल यांच्या आठवणीत. ते २००९च्या नोव्हेंबरात गेले होते.

शिंगरू सोपवलं न्यूमार्केटच्या हेन्री सेसिल यांच्याकडे. हा माणूस इंग्लंडचा दहा वेळा चॅम्पियन ट्रेनर. पण मध्ये त्यांचे दिवस फिरले. २००५च्या मोसमात त्यांच्या पागेतून जेमतेम १२ विजय आले. मग पोटाचा कर्करोग निघाला. बरेच मालक सोडून गेले, खालिद अब्दुल्ला राहिले. फ्रँकेल त्यांच्याकडे आला तेव्हा सेसिल आजारी होते आणि तरीही रोज सकाळी घोड्यांचं काम बघायला उभे राहत होते.

फ्रँकेलबद्दल सगळे वेगाचं बोलतात. माझ्या मते त्याच्या गोष्टीतला खरा ऐवज वेगळाच आहे. हा घोडा आवरत नव्हता. दोन वर्षांचा असताना सकाळच्या कामात तो लगाम दातांत धरून रायडरला ओढत न्यायचा. लोकांना यात जोश दिसतो, आम्हाला धोका. भरधाव पळणारा घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, तोही फक्त नाकाने. तोंडाने श्वास घेणं घोड्याला जमत नाही. मान वर करून, लगामाशी भांडत पळणारा घोडा तो श्वास नीट घेत नाही. सुरुवातीच्या तीन-चार फर्लांगांतच (एक फर्लांग म्हणजे साधारण दोनशे मीटर) तो स्नायूंतला साठा जाळून टाकतो आणि शेवटच्या फर्लांगाला पाय जड होतात. शिवाय डोकं भडकलेल्या घोड्याला आपला पाय कुठे पडतोय याचं भान राहत नाही. असे कित्येक वेगवान घोडे मी पाहिलेत, तिसऱ्या वर्षी स्नायुबंध फाटून घरी बसलेले.

सेसिल यांनी त्याला मारून-मुटकून आवरलं नाही. दुसऱ्या घोड्यांच्या मागे ठेवून, सकाळी तोच शांत हाताचा रायडर देऊन, रोज थोडं थोडं थांबायला शिकवलं. बुलेट ट्रेन नावाचा त्याचा मोठा भाऊ (आई तीच, बाप गॅलिलिओचा बाप सॅडलर्स वेल्स) त्याच्यापुढे पळायला ठेवला; पुढे तो काही शर्यतींतही वेग धरून द्यायला सोबत गेला. आपल्यासाठी एक गोष्ट अभिमानाची: फ्रँकेलची रोजची देखभाल करणारा, त्याला मैदानावर हातात धरून फिरवणारा सायस भारतातून गेलेला होता. घोडा बिघडतो किंवा घडतो तो सायसाच्या हातात, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आता शर्यती. पहिली १३ ऑगस्ट २०१०ला न्यूमार्केटला, एक मैलाची. पाऊस पडलेला, जमीन ओली. फ्रँकेल जिंकला, पण अर्ध्या लांबीनेच. दुसरा आला तो नॅथॅनिएल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे. त्यानंतर डॉनकास्टरला तेरा लांबींनी, अॅस्कटला दहा लांबींनी आणि ऑक्टोबरात ड्यूहर्स्ट स्टेक्स सव्वादोन लांबींनी. लांबी म्हणजे एका घोड्याची, नाकापासून शेपटीपर्यंतची; साधारण अडीच मीटर धरा. ड्यूहर्स्टला त्याला सुरुवातीलाच धक्का लागला आणि तो भडकून ओढत सुटला, तरी जिंकला.

२०११च्या ३० एप्रिलला टू थाउजंड गिनीज, तीन वर्षांच्या घोड्यांची एक मैलाची मोठी शर्यत. ही शर्यत बघायची तर पहिली दहा सेकंद बघा. दार उघडलं आणि जॉकी टॉम क्वीली याने त्याला धरलंच नाही. एक मैलाच्या सरळ रस्त्यावर निम्म्या वाटेतच फ्रँकेल इतका पुढे गेला की कॅमेऱ्याला त्याला आणि मागच्यांना एका चौकटीत बसवता येईना. त्या दिवशी मैदानात कसलेले तीन वर्षांचे घोडे होते. मधल्या टप्प्यात ते सगळे पाठलाग करताना दिसतात, जणू ते वेगळीच, मागची शर्यत पळताहेत. शेवटी सहा लांबींनी जिंकला. १९४७ साली ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लांबींनी जिंकला होता, त्यानंतरचं हे सर्वांत मोठं अंतर.

मला ती शर्यत आवडते, पण डॉक्टर म्हणून तिची काळजी वाटते. घोडा असा रोज पळाला तर टिकत नाही. आणि तसंच झालं असतं. पुढच्याच शर्यतीत, जूनमध्ये अॅस्कटला, क्वीलीने त्याला फार लवकर सोडलं. शेवटच्या फर्लांगात फ्रँकेल थकला, झॉफनी मागून झपाट्याने आला आणि अंतर पाऊण लांबीवर आलं. मला विचाराल तर हरण्याच्या सर्वांत जवळ तो त्या दिवशी आला. त्यानंतर त्याच्यावर स्वार होण्याची पद्धत बदलली.

बदलल्याचा पुरावा म्हणजे २०१२. त्या वर्षी त्याला बघितलं तर दुसराच घोडा वाटतो. मान खाली, कान हलते, भावाच्या मागे निवांत झेपा टाकत येतो; जॉकीने फक्त हात पुढे केले की अंतर फाकत जातं. जूनमध्ये रॉयल अॅस्कटला क्वीन अॅन स्टेक्स अकरा लांबींनी. त्यावर टाइमफॉर्म या घोड्यांना गुण देणाऱ्या इंग्लंडमधल्या संस्थेने त्याला १४७चं रेटिंग दिलं, त्यांच्या इतिहासातलं सर्वाधिक. आधीचं १४५ हे १९६५च्या सी-बर्डचं होतं.

आता कुणी म्हणेल, समोर घोडेच साधे असतील. म्हणून एक्सेलेब्रेशनकडे बघा. हा घोडा फ्रँकेलसमोर पाच वेळा उभा राहिला आणि पाचही वेळा हरला, चार वेळा दुसरा आणि एकदा तिसरा. फ्रँकेल नसलेल्या मैदानात याच घोड्याने फ्रान्समधल्या एक मैलाच्या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. आणि २० ऑक्टोबर २०१२ला अॅस्कटवर क्वीन एलिझाबेथ स्टेक्स जिंकली, ज्या दिवशी फ्रँकेल त्याच मैदानावर दुसरी शर्यत पळत होता म्हणून. दुसऱ्या कुठल्याही वर्षी एक्सेलेब्रेशन युरोपचा चॅम्पियन ठरला असता.

ऑगस्टात यॉर्कला प्रथमच त्याला दहा फर्लांगांच्या थोडं वर पळवलं. आई हजार मीटरवाली, जमेल का, अशी शंका होती. सात लांबींनी जिंकला. त्या दिवशी हेन्री सेसिल आले होते, केमोथेरपीने खंगलेले, डोक्यावर हॅट, आवाज कुजबुजीइतका. लोकांनी घोड्याइतक्याच टाळ्या त्यांच्यासाठी वाजवल्या. ती चित्रफीत मी कधी कोरड्या डोळ्यांनी पाहू शकलेलो नाही. पुढच्या वर्षी ११ जूनला ते गेले.

शेवटची शर्यत म्हणजे तीच २० ऑक्टोबरची चॅम्पियन स्टेक्स. चिखल झालेला. फ्रँकेल दारातून उशिरा निघाला, काही लांबी तिथेच गेल्या. समोर फ्रान्सचा सिरस देझेग्ल, मागच्या वर्षी हीच शर्यत जिंकलेला आणि ओल्या जमिनीत दुप्पट खुलणारा. २०११चा फ्रँकेल त्या उशिरा सुटण्याने पेटला असता आणि सहाशे मीटरमध्ये सगळं उधळून बसला असता. २०१२चा फ्रँकेल शांतपणे मागून येत राहिला आणि पावणेदोन लांबींनी जिंकला. तिसरा कोण आला? नॅथॅनिएल. पहिल्या शर्यतीतला तोच घोडा, मधल्या काळात किंग जॉर्ज आणि एक्लिप्स जिंकून आलेला.

हिशेब असा झाला: १४ शर्यती, १४ विजय, त्यांत ग्रुप वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे १०, बक्षिसं सुमारे ३० लाख पौंड.

मग थांबवला का? याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही तुम्हाला पटतील.

एक म्हणजे पाय. अर्धा टन वजनाचा घोडा ताशी साठ किलोमीटरने पळतो तेव्हा क्षणभर त्याचा सगळा भार एका पुढच्या पायावर येतो, शरीराच्या वजनाच्या अडीचपट. त्या पायाच्या खालच्या भागात स्नायूच नाहीत. हाड, स्नायुबंध आणि कातडी, एवढंच. २०१२च्या एप्रिलमध्ये सकाळच्या कामात फ्रँकेलच्या पुढच्या पायाला त्याच्याच मागच्या पायाचा खूर लागला. लगेच अफवा उठली की घोडा संपला. स्कॅन साफ निघालं आणि मे महिन्यात तो पुन्हा जिंकला. पण त्या दिवशी स्कॅन करणाऱ्या डॉक्टरच्या मनावर काय ताण असेल हे मी ओळखून आहे.

दुसरं म्हणजे आकडे. २०१३च्या पहिल्या मोसमाला त्याची फी ठरली १ लाख २५ हजार पौंड. शंभर घोड्या धरल्या तरी सव्वा कोटी पौंड होतात, एका मोसमाचे. तीन वर्षं जिवाची बाजी लावून मिळवलेली बक्षिसं ३० लाख. २०२४ला ही फी साडेतीन लाख पौंडांवर गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने आपल्या पैशात साधारण पावणेचार कोटी. पाचव्या वर्षी पळवून पदरात काय पडलं असतं? आणखी दोन-तीन कप, आणि एका चुकीच्या पावलात सगळ्यावर पाणी. शर्यतीचा रसिक म्हणून मला तो अजून एक वर्ष बघायला आवडला असता. पागा माझी असती तर मीही थांबवलाच असता.

आता कृत्रिम रेतनाचं. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत ते सरळ बंद आहे, जगभर. नोंदणीच्या वहीत, म्हणजे स्टड बुकमध्ये, शिंगराचं नाव यायचं तर घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोग झाला पाहिजे आणि त्याच घोडीने ते पोटात वाढवलं पाहिजे. भ्रूण रोपण नाही, क्लोनिंग नाही. पूर्वी याचं कारण फसवणूक टाळणं हे होतं. आता ते काम डीएनए तपासणी करते. तरी नियम टिकला, आणि टिकावा असं मला वाटतं. गोठवलेल्या रेतनाची मुभा मिळाली तर जगातल्या हजारो घोड्या एकाच वर्षी एकाच घोड्याने भरवल्या जातील. वर सांगितलंच, फ्रँकेलच्याच वंशात नॉर्दर्न डान्सर दोनदा आहे. आधीच अरुंद झालेलं रक्त आणखी अरुंद करायचं का?

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं ते बघितलं की फीचा अर्थ लागतो. आमच्याकडे फेब्रुवारी उजाडला की मोसम सुरू. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारी. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. म्हणून शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत पडावं ही सगळ्यांची धडपड. जूनमध्ये जन्मलेलं पोर दोन वर्षांच्यांच्या शर्यतीत पाच महिन्यांनी लहान असतं. पण घोडी निसर्गाने दिवस मोठा झाल्यावर माजावर येते. म्हणून डिसेंबरपासून तिच्या खोलीत संध्याकाळी दिवा लावून ठेवायचा, दिवस सोळा तासांचा भासवायचा.

सकाळी आधी टीझर आणतात. हा बिचारा साधा घोडा. त्याचं काम फक्त घोडी राजी आहे का हे कुंपणापलीकडून बघणं. राजी नसेल तर कान मागे टाकते, किंचाळते, लाथ मारते. राजी असेल तर शेपटी बाजूला करून स्थिर उभी राहते. मग मी सोनोग्राफी करून बीज किती मोठं झालंय ते मोजतो. वेळ जुळली की तिला मऊ जमिनीच्या बंद शेडमध्ये नेतात. मागच्या पायांना नमद्याचे बूट, म्हणजे लाथ बसली तरी घोड्याचं हाड वाचावं. मानेवर जाड कातड्याची झूल, कारण घोडा दातांनी धरतो. वरच्या ओठाला ट्विच, म्हणजे दांडक्याला बांधलेल्या दोरीचा फास. मग स्टॅलियन, म्हणजे ज्याला घोडी दाखवायची तो नर, आत येतो आणि शेडमधला प्रत्येक माणूस गप्प होतो. चार-पाच माणसं, दोन जनावरं, आणि कोट्यवधींचा एक पाय कुठे पडतोय याकडे सगळ्यांचं लक्ष. घोड्याची शेपटी तालात वर-खाली झाली की काम झालं. सगळं मिळून काही मिनिटांत आटोपतं. मोसमात असा घोडा दिवसाला दोन-तीन वेळा हेच करतो.

त्यानंतर चौदा-पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. पडद्यावर काळा, वाटोळा, वाटाण्याहून मोठा ठिपका दिसला की घोडी राहिली. दोन ठिपके दिसले तर एक लगेच, हाताने हलकेच दाबून काढून टाकावा लागतो, कारण घोडीच्या पोटात जुळी क्वचितच जगतात. नवा असताना माझ्याकडून एकदा चूक झाली. दोन ठिपके एकमेकांना चिकटून होते, मला एकच वाटला. आठव्या महिन्यात घोडीचा गर्भ पडला, दोन्ही शिंगरं मेलेली. चांगल्या घराण्यातली घोडी, तिचं अख्खं वर्ष गेलं. त्या फार्मच्या मालकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, म्हणून ते जास्तच लागून राहिलं. तेव्हापासून एक ठिपका दिसला तरी मी दोन दिवसांनी परत बघतो.

हे मुद्दाम सांगितलं. स्टॅलियनला वर्षाला शंभराच्या वर पोरं होऊ शकतात, घोडीला एकच, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणून फी बहुतेक ठिकाणी शिंगरू जिवंत जन्मून उभं राहिलं तरच द्यायची असते. आणि म्हणूनच मोठ्या फीचा घोडा ज्याला-त्याला मिळत नाही. मालक घोड्या निवडून घेतात. फ्रँकेलकडे पहिल्या वर्षापासून ज्या घोड्या आल्या त्यांतल्या अनेक स्वतः मोठ्या शर्यती जिंकलेल्या किंवा तसे घोडे जन्माला घातलेल्या होत्या.

चॅम्पियनची पोरं चॅम्पियन निघतातच का? नाही. सलग १६ शर्यती जिंकलेला अमेरिकेचा सिगार फार्मवर गेला आणि कळलं की त्याच्याने एकही घोडी राहत नाही. पहिल्या मोसमातल्या ३४ घोड्या रिकाम्या परतल्या. १८पैकी १७ जिंकणारा ब्रिगेडियर जेरार्ड बाप म्हणून फिका पडला. सेक्रेटेरिएटच्या मुलांकडून जेवढी आशा होती तेवढं आलं नाही, पण त्याच्या मुलींनी ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅटसारखे घोडे जन्माला घातले. बापाचा गुण मुलाला न जाता मुलीच्या पोटी उगवतो, हे आमच्या धंद्यात नवीन नाही.

फ्रँकेलची पहिली पोरं २०१६ला पळायला लागली. पहिला ग्रुप वन विजय इंग्लंडातला नव्हे, जपानमधला: सोल स्टिरिंग ही घोडी, डिसेंबर २०१६. पुढच्या वर्षी तिने जपानची ओक्स, २४०० मीटरची, जिंकली. तिथेच जाणकारांच्या भुवया उंचावल्या, कारण बाप कधी एवढा लांब पळालाच नव्हता. मग क्रॅक्समनने चॅम्पियन स्टेक्स दोनदा मारली. २०१९ला अॅनापर्नाने ओक्स आणि लॉजिशियनने सेंट लेजर, जी २९०० मीटरच्या घरात जाते. २०२१ला अडायारने इंग्लिश डर्बी, हरिकेन लेनने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर. त्या वर्षी फ्रँकेल ब्रिटन-आयर्लंडचा चॅम्पियन सायर झाला, म्हणजे ज्याच्या पोरांनी वर्षात सर्वाधिक बक्षिसं मिळवली असा बाप. आधीची सलग ११ वर्षं तो मान त्याच्या बापाकडे, गॅलिलिओकडे होता. आणि गॅलिलिओ त्याच वर्षी जुलैत गेला. २०२२ला अॅल्पिनिस्टाने पाच वर्षांची असताना पॅरिसची आर्क ही २४०० मीटरची मोठी शर्यत जिंकली. २०२३ला चॅल्डीनने बापाचीच टू थाउजंड गिनीज जिंकली, आणि फ्रँकेल पुन्हा चॅम्पियन सायर.

यादी नीट बघितलीत तर एक गोष्ट दिसेल. एक मैलाचा जगातला सर्वांत वेगवान घोडा, आणि पोरं निघाली डर्बी, आर्क आणि सेंट लेजरवाली. हे आलं कुठून? गॅलिलिओचा दम फ्रँकेलच्या रक्तात होताच. त्याच्यात आईचा, काइंडचा वेग वर आला आणि दम दबून राहिला. पुढे दमदार घराण्यातल्या घोड्या त्याच्याकडे आल्या तेव्हा तो दम पुन्हा वर आला. मायोस्टॅटिन नावाचा एक जनुक आहे. २०१०च्या सुमारास डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या एका जागेवरच्या फरकाने थरोब्रेड आखूड पल्ल्याचा, मधल्या पल्ल्याचा की लांब पल्ल्याचा हे बऱ्याच अंशी सांगता येतं. शिंगराला त्याची एक प्रत बापाकडून, दुसरी आईकडून. दोघांचा वाटा सारखा. वर पेशींतली शक्ती तयार करणारं मायटोकॉन्ड्रियाचं द्रव्य येतं ते फक्त आईकडून. अकरा महिने पोटात आणि पुढचे पाच-सहा महिने दुधावर, तेही आईच.

आणि नॅथॅनिएल? फ्रँकेलसमोर पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही शर्यतींत हरलेला. त्याची फी फ्रँकेलच्या मानाने अगदीच थोडी. खालिद अब्दुल्लांनी कॉन्सेंट्रिक ही आपली घोडी त्याला दाखवली आणि जन्मली एनेबल, जिने आर्क दोनदा जिंकली, २०१७ आणि २०१८. २०२२चा डर्बी विजेता डेझर्ट क्राउनही नॅथॅनिएलचाच. म्हणजे मैदानावर अर्ध्या लांबीने हरलेला घोडाही, योग्य आई मिळाली तर, असं पोर देतो. उलट फ्रँकेलचीही अशी ढीगभर पोरं आहेत ज्यांनी एकही शर्यत मारली नाही. त्यांची नावं कुणी घेत नाही, पण त्यांचेही पावणेदोन-दोन कोटी कुणीतरी मोजलेले असतात.

आता तुमचं शिंगरू. आपल्याकडे इंडियन डर्बी महालक्ष्मीला २४०० मीटरवरच होते, पण वर्षभरातल्या बहुतेक शर्यती बाराशे-सोळाशेच्या असतात. म्हणून आधी ठरवा की तुम्हाला डर्बीचं स्वप्न हवंय की मोसमात चार-सहा वेळा मैदानावर उतरणारा घोडा. मग कॅटलॉग उघडाल तेव्हा बापाचं पान सोडा आणि आईचं वाचा. ती स्वतः किती अंतरावर जिंकली? तिची आधीची पोरं किती, त्यातली पळाली किती, जिंकली किती? दुसऱ्या बापांकडूनही तिने जिंकणारी पोरं दिली असतील तर ते शिंगरू मी नामांकित बापाच्या शिंगरापेक्षा आधी बघेन. आईची पोरं दर दुसऱ्या वर्षी गायब असतील तर का, ते फार्मवाल्यांना सरळ विचारा. चांगले फार्मवाले सांगतात.

फार्मवर सकाळी लवकर जा. शिंगराला कडक जमिनीवर तुमच्याकडे चालत आणायला सांगा, मग तुमच्यापासून दूर न्यायला सांगा. गुडघे आत-बाहेर पडतात का, खुरं सारखी पडतात का, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेपुढे जातो का, एवढं पाहा. घशाची दुर्बिणीने तपासणी आणि पायांचे एक्स-रे पैसे देण्याआधी करून घ्या, नंतर नाही. सायसाला विचारा की हे खायला कसं आहे आणि एकटं ठेवलं तर काय करतं. तो खोटं सांगत नाही. आणि आई फार्मवरच असेल तर तिला बाहेर काढायला सांगा. पंधरा मिनिटं तिच्याजवळ उभे राहा. ती माणसांकडे कशी बघते, मागून कुणी गेलं तर दचकते का, दावं ओढते की सैल सोडून उभी राहते, ते बघा.